मेंदूच्या निरीक्षणाची यंत्रे: वाढ कशात आहे आणि जिल्ह्याच्या गावी काय घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्याच्या ठिकाणी 40 खाटांचे खासगी रुग्णालय आहे, त्यात 8 खाटांचा आयसीयू आणि दोन ऑपरेशन थिएटर. मेंदूचे निरीक्षण करणाऱ्या उपकरणांचा बाजार झपाट्याने वाढतो आहे असे अहवाल सांगतात. विक्रेते ईईजीपासून (टाळूवरून मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढणारे यंत्र) भूल किती खोल आहे ते मोजणाऱ्या मॉनिटरपर्यंत सगळे दाखवून गेले आहेत. खरी वाढ कशात आहे आणि यातले आपण काय घ्यावे?

माझे मत आधीच सांगतो. ईईजी घ्या, 32 चॅनेलचा आणि व्हिडिओसह. मात्र लीड (टाळूवर चिकटवायच्या तारा) नीट लावणारा तंत्रज्ञ आणि आलेख वाचणारा डॉक्टर ठरल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. बाकीच्या यंत्रांपैकी एखादे वर्ष-दोन वर्षांत लागेल, काही कधीच लागणार नाहीत. यंत्रे हवी तेवढी मिळतात. तुटवडा आहे तो माणसांचा, आणि बाजाराचे अहवाल माणसे मोजत नाहीत.

अहवालातला टक्का वाचताना पहिली गोष्ट पाहायची ती ही, की त्या शीर्षकाखाली काय काय धरले आहे. ‘मेंदूचे निरीक्षण’ या नावाखाली कुणी एमआरआय, सीटी आणि पेट स्कॅनरही मोजतो, कुणी फक्त ईईजी, कवटीतील दाब, मेंदूतील ऑक्सिजन आणि भुलीची खोली एवढेच मोजतो, तर कुणी झोपेच्या तपासणीची यंत्रे आणि घरी डोक्याला लावायचे पट्टेही त्यात घालतो. म्हणून दोन अहवालांत एकूण बाजाराचा आकडा कित्येक पट वेगळा दिसतो आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. वर्षाला 9 टक्के वाढ म्हणजे साधारण 8 वर्षांत दुप्पट. ऐकायला मोठे वाटते. पण ही वाढ रुपयांत किंवा डॉलरमध्ये असते, तपासण्यांच्या संख्येत नाही. अमेरिकेत मेंदूत बसवायच्या एका महागड्या उपकरणाची विक्री वाढली तरी टक्का वर जातो. त्याचा आपल्या जिल्ह्यातल्या फिटच्या रुग्णाशी काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट, या धंद्यातला मोठा पैसा यंत्रात नसून एकदाच वापरायच्या सेन्सर, पट्ट्या आणि प्रोबमध्ये आहे. यंत्र सवलतीत, कधी नुसते ‘ठेवायला’ मिळते, आणि मग प्रत्येक रुग्णामागे सेन्सर विकत घ्यावा लागतो. कोणतेही मॉनिटर घेण्याआधी त्याच्या सेन्सरचा तीन वर्षांचा दर लेखी मागा. तो मिळत नसेल तर यंत्र फुकट असले तरी थांबा.

तिसरी, कंपन्यांचे विलीनीकरण. भुलीची खोली मोजणारा बीआयएस मॉनिटर बनवणारी अस्पेक्ट मेडिकल 2009 मध्ये कोविडियनकडे गेली आणि कोविडियन 2015 मध्ये मेडट्रॉनिककडे. कवटीतील दाब मोजणारा कॉडमनचा व्यवसाय 2017 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनकडून इंटेग्राकडे गेला. ईईजीतले मोठे नाव असलेली नेटस 2022 मध्ये खासगी गुंतवणूकदारांच्या ताब्यात गेली. खरेदीदाराला याचा अर्थ एवढाच की मालक बदलला की जुन्या मॉडेलची हेडबॉक्सची (लीड जिथे जोडतात त्या पेटीची) केबल, सॉफ्टवेअरचे डाँगल (ते उघडणारी यूएसबी चावी) आणि सर्व्हिस इंजिनीअर या तीन गोष्टी मागे पडू शकतात. भारतात चंदीगड, पंचकुला, मोहाली या पट्ट्यात ईईजी यंत्रे बनतात. आरएमएस, क्लॅरिटी, अलेंजर्स ही तिकडचीच नावे. साध्या ईईजीसाठी देशी यंत्र पुरेसे आहे. आयातीचे यंत्र अपस्माराच्या (फिटच्या आजाराच्या) शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी करणाऱ्या केंद्राला लागते, आपल्याला नाही.

आता मागणी खरोखर कुठे आहे ते पाहू. भारतात दर शंभरात सुमारे एकाला अपस्मार आहे, म्हणजे एक कोटीहून अधिक लोक. न्यूरॉलॉजिस्ट मात्र मोठ्या शहरांत एकवटलेले. ग्रामीण भागात फिट येणाऱ्या रुग्णाला नियमित औषध मिळत नाही हे जुने दुखणे आहे. तरीही हे सगळे रुग्ण ईईजीचे गिऱ्हाईक नाहीत. साधी तापातली आकडी आलेल्या, एरवी नीट वाढणाऱ्या मुलाला ईईजी लागत नाही. उन्हात चक्कर येऊन पडलेल्याला, नुसते डोके दुखणाऱ्याला लागत नाही. डोक्यात जंताची गाठ, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, असेल तर उत्तर सीटी किंवा एमआरआय देते. अशा तपासण्या वगळून जे उरते तोच तुमचा खरा बाजार. शिफारशीवर ‘कट’ देऊन आलेले रुग्ण धरून हिशेब मांडू नका. तो अनैतिक तर आहेच, शिवाय टिकतही नाही.

हिशेब असा मांडा. आकडे धरून चाललेले आहेत, ते आपल्या गावाप्रमाणे बदला. यंत्र, संगणक, तपासणीचा लुकलुकणारा दिवा, ऑनलाइन यूपीएस, एसी, खाट आणि वेगळे अर्थिंग मिळून 5 लाख. पाच वर्षांत विभागले तर महिन्याला सुमारे 8,300. तंत्रज्ञाचा पगार 22,000. वार्षिक देखभाल करार महिन्याला 2,500. वीज आणि खोली 5,000. एकूण 37,800. एका तपासणीचे 1,500 घेतले, त्यातून रिपोर्टिंगचे 400 आणि पेस्ट, जेल, टेप, कापूस यांचे 100 वजा केले, तर 1,000 उरतात. म्हणजे महिन्याला 38 तपासण्यांवर खर्च भागतो, कामाच्या दिवसाला दीड. एक तंत्रज्ञ नीट काम करून दिवसाला पाच तपासण्या करतो; त्याहून जास्त होत असतील तर कुठेतरी वेळ चोरला जातो आहे. आरोग्यसेवेला जीएसटी माफ असल्यामुळे यंत्रावर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा उपकरणांवरचा दर 5 टक्क्यांवर आला आहे, जुने कोटेशन असेल तर नवे मागा.

यंत्राच्या तांत्रिक अटींवर विक्रेते बराच वेळ घालवतात. खरे पाहण्यासारखे थोडेच आहे. टाळूवर मिळणारा मेंदूचा सिग्नल 10 ते 100 मायक्रोव्होल्टचा. ईसीजीचा साधारण एक मिलिव्होल्टचा, म्हणजे दहापट ते शंभरपट मोठा. एवढा बारीक सिग्नल उचलायचा तर अॅम्प्लिफायरचा इनपुट रोध 100 मेगाओहमच्या वर, कॉमन मोड रिजेक्शन (सगळ्या लीडवर सारखाच येणारा बाहेरचा गोंगाट गाळण्याची क्षमता) 100 डेसिबलच्या वर, सेकंदाला किमान 256 नमुने आणि 16 बिट हवेत. आजची बहुतेक यंत्रे कागदावर यात बसतात. 32 चॅनेल का? 10-20 पद्धतीच्या (डोक्याच्या मापाच्या 10 आणि 20 टक्क्यांवर लीड लावायची ठरलेली पद्धत) 21 लीड झाल्या, त्यावर कानाच्या पातळीवरच्या खालच्या टेम्पोरल (कानशिलाच्या) सहा लीड, एक ईसीजी, दोन डोळ्यांच्या, एक-दोन स्नायूंच्या. प्रौढांमधील बऱ्याच फिट टेम्पोरल भागातून निघतात. त्या खालच्या लीड नसल्या तर नेमके तेच निसटते. 24 चॅनेलचे यंत्र स्वस्त पडते, पण इथे काटकसर नको.

व्हिडिओ हवाच. रुग्णाला तपासणी चालू असताना झटका आला, तर तो खरी फिट आहे, खोकला आहे की मानसिक कारणाने आलेला झटका आहे, हे केवळ आलेखावरून सांगता येत नाही. कॅमेरा आणि आलेख एकाच घड्याळावर चालतात का ते तपासा. काही स्वस्त जोडण्यांत अर्ध्या तासात दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो आणि मग व्हिडिओचा उपयोग जातो.

आणि ईडीएफ. हा 1992 पासूनचा खुला फाइल प्रकार आहे. यंत्राने रेकॉर्डिंग ईडीएफमध्ये, सगळ्या नोंदींसह, जादा पैसे न घेता बाहेर दिले पाहिजे. नाहीतर तुमचा डॉक्टर कायमचा त्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधला जातो, आणि यंत्र बदलले की जुने रेकॉर्ड उघडत नाहीत.

खोली हा भाग लोक शेवटी पाहतात, तो आधी पाहावा. एक्स-रे, लिफ्टची मोटर, मोठा जनरेटर यांच्या भिंतीला लागून खोली घेऊ नका. वेगळे अर्थिंग करा, आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज 2 व्होल्टच्या खाली आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून पावसाळ्यात नव्हे, एप्रिल-मेमध्ये मोजून घ्या. जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा दगा देतो. खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी एका माणसावर सोपवा. एसी हवा, कारण घाम आला की सगळ्या लीडवर संथ, झुलणाऱ्या लाटा येतात आणि त्या मेंदूच्या मंद लहरींसारख्या दिसतात.

आलेखात विजेच्या तारांमधला 50 हर्ट्झचा गुरगुराट आला की तंत्रज्ञ नॉच फिल्टर (तेवढीच लहर कापणारी गाळणी) लावून मोकळा होतो. तसे करू देऊ नका. एकाच चॅनेलवर असेल तर ती लीड सैल आहे किंवा तिची वायर कपापाशी (टाळूवर बसणाऱ्या धातूच्या वाटीपाशी) तुटली आहे. सगळ्या चॅनेलवर असेल तर ग्राउंड किंवा रेफरन्सची लीड पाहा. तीही ठीक असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुरगुराट गेला तर दोष चार्जर, यूपीएस किंवा अर्थिंगचा. मग खोलीतला मोबाइल चार्जर, इलेक्ट्रिक खाट, सलाइन पंप एकेक करून बंद करा.

डोक्याची तयारी. आपल्याकडे तेल लावण्याची सवय घराघरांत आहे. अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा: आदल्या रात्री शॅम्पूने दोनदा डोके धुवा, तेल, जेल, मेंदी नको, गजरा-वेणी नको, पोटभर जेवून या, चालू गोळ्या बंद करू नका. शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे, कारण ‘तपासणी आहे म्हणून गोळी घेतली नाही’ आणि मग बसमध्ये फिट आली, असे होते. झोप मोडून यायला सांगितले असेल तर सोबत माणूस हवा आणि रुग्णाने दुचाकी चालवायची नाही.

टेपने माप घ्यायलाच हवे. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत 36 सेंटिमीटर भरले, तर पहिली खूण 3.6 वर, पुढे दर 7.2 वर, सीझेड (माथ्यावरची मधली लीड) नेमकी 18 वर. अंदाजाने लीड लावणारा तंत्रज्ञ एका बाजूच्या दोन लीड जवळ आणि दुसऱ्या बाजूच्या लांब लावतो. मग आलेखात एक बाजू दबलेली दिसते आणि निरोगी माणसाला एमआरआयला पाठवले जाते. त्वचा खरवडणाऱ्या जेलने हलके घासून, पेस्ट भरून कप बसवायचा आणि प्रत्येक लीडचा रोध 5 किलोओहमच्या आसपास, 10 च्या खाली आणायचा. सगळ्या लीड एकमेकींच्या जवळपास असणे हे आकड्याइतकेच महत्त्वाचे. घाईत पेस्ट पसरली आणि शेजारच्या दोन कपांची पेस्ट एकमेकींना लागली, तर तो चॅनेल सपाट होतो. रोध मात्र छान दाखवतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. सोन्याचा मुलामा असलेले आणि चांदीचे कप एकत्र लावायचे नाहीत. काम झाल्यावर कप लगेच कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवायचे. रात्रभर पेस्ट वाळली की कपाचा मुलामा जातो. किमान दहा सुट्या लीड कपाटात ठेवा.

टोपी घ्यावी का, असे विचारले जाते. टोपी 10 मिनिटांत लागते, कपांना 25 ते 35 मिनिटे लागतात. पण दाट, लांब केसांत टोपीखाली जेल पसरते आणि डोक्याच्या मापाच्या तीन-चार टोप्या ठेवाव्या लागतात. रोजच्या तपासणीला कप, तातडीच्या वेळी टोपी, असे दोन्ही ठेवलेले बरे.

रेकॉर्डिंग किमान 20 मिनिटे, तेही खराब भाग वगळून. झोपेची तपासणी असेल तर 30. डोळे उघडा-मिटा, 3 मिनिटे खोल श्वास, आणि डोळ्यांपासून 30 सेंटिमीटरवर ठेवलेला लुकलुकणारा दिवा. खोल श्वासाआधी एक प्रश्न चुकवू नका. नुकताच पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, हृदयाचा-फुप्फुसाचा गंभीर आजार आहे का, आणि सिकलसेल आहे का? गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेल भरपूर आहे. त्या रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावायचे नाही. तपासणीच्या फॉर्मवर हा रकाना छापूनच घ्या. लहान मुलांना झोपेसाठी ट्रायक्लोफॉस द्यायचे असेल तर वजनावरून डोस डॉक्टरांनी लिहावा, आणि ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा क्लिप मुलाच्या बोटाला असावा.

आता वाचन, कारण सगळे इथे येऊन अडते. अपस्मार असलेल्या रुग्णाच्या पहिल्या साध्या ईईजीत दोष दिसण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी असते. पुन्हा केली, झोपेत केली की ती वाढते. म्हणून ‘ईईजी नॉर्मल, म्हणजे फिटचा आजार नाही’ हे चूक. उलट चूक त्याहून घातक: झोपेत जाताना मुलांमध्ये येणाऱ्या मोठ्या लाटा, टेम्पोरल भागातल्या टोकदार पण निरुपद्रवी लहरी, डोळ्यांची हालचाल, यांना ‘एपिलेप्टिफॉर्म’ (अपस्माराची खूण) लिहून टाकले की माणूस वर्षानुवर्षे गोळ्या घेतो, त्याची नोकरी, लग्न, वाहन परवाना सगळे अडकते. रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर ईईजीचे प्रशिक्षण घेतलेला हवा. तो पुण्यात, नागपुरात किंवा मुंबईत बसून वाचत असेल तरी चालते. 32 चॅनेल, 256 नमुने, 2 बाइट धरले तर तासाचे सुमारे 59 मेगाबाइट होतात, साध्या इंटरनेटवर ते जातात. व्हिडिओ जड असतो, त्यातला झटक्याचा तुकडाच पाठवायचा. रुग्णाचा चेहरा दिसतो, म्हणून लेखी संमती घ्या आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरू देऊ नका. 2023 चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा रुग्णालयांनाही लागू होणारा आहे.

तंत्रज्ञासाठी बंगळुरूची निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था यांचे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम आहेत. तिथून उत्तीर्ण झालेली मुले लहान गावात क्वचित येतात. व्यवहार्य मार्ग म्हणजे गावातल्याच विज्ञान पदवीधर मुलीला किंवा मुलाला मोठ्या विभागात तीन महिने प्रत्यक्ष कामाला पाठवणे, आणि पहिल्या शंभर रेकॉर्डिंगवर वाचणाऱ्या डॉक्टराने फक्त दर्जाबद्दल शेरा लिहून पाठवणे. विक्रेत्याचे दोन दिवसांचे ‘प्रशिक्षण’ बटणे दाखवण्यापुरते असते.

आयसीयूतली वाढ खरी आहे, आणि माझ्या मते पुढच्या काही वर्षांत सगळ्यांत जास्त जीव तिथे वाचतील. बेशुद्ध रुग्णाच्या मेंदूत फिट चालू असते आणि बाहेर एक बोटही हलत नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयसीयूसह 570 रुग्णांच्या अभ्यासात सुमारे 19 टक्क्यांमध्ये फिट सापडल्या, आणि त्यातल्या बहुसंख्य फक्त ईईजीवरच दिसणाऱ्या होत्या. फिट सापडलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांत पहिली फिट पहिल्या तासात दिसली, बाकीच्यांना अधिक वेळ लागला. अर्ध्या तासाच्या ईईजीवर विसंबून ‘काही नाही’ म्हणणे म्हणूनच अपुरे. पण 24 तासांचे रेकॉर्डिंग घ्यायचे तर रात्री दोन वाजता सुटलेली लीड पुन्हा कोण लावणार? 8 खाटांच्या आयसीयूत हे रोज जमणार नाही. तेच यंत्र ट्रॉलीवर ठेवून निवडक रुग्णाला दोन-तीन तास, गरज पडल्यास पुन्हा, एवढे मात्र जमते, आणि त्याने पुष्कळ फरक पडतो.

यावर उपाय म्हणून झटपट लावायचे पट्टे आले आहेत. अमेरिकेत सेरिबेल या कंपनीचा दहा लीडचा पट्टा नर्स काही मिनिटांत लावते आणि सॉफ्टवेअर सतत चालणारी फिट ओळखते. ही कंपनी ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या शेअर बाजारात आली. कल्पना उत्तम आहे. मर्यादा अशी की पट्टा डोक्याभोवती बसतो, त्यामुळे माथ्याच्या मधल्या भागातली फिट सुटू शकते, आणि पट्टा एकदाच वापरायचा असल्याने प्रत्येक रुग्णामागे खर्च येतो. आपल्याकडे सध्या पर्याय म्हणजे नर्सना आठ-दहा लीड लावायला शिकवणे. ते शिकवता येते.

संगणकाने ईईजी वाचण्याबद्दल: 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली स्कोअर-एआय ही प्रणाली तीस हजारांहून अधिक रेकॉर्डिंगवर शिकवलेली होती आणि साध्या ईईजीत तिची कामगिरी तज्ज्ञांच्या तोडीची निघाली. ही दिशा आपल्यासारख्या, वाचणारे कमी असलेल्या देशासाठी मोलाची आहे. पण त्या अभ्यासातली रेकॉर्डिंग नीट लावलेल्या लीडची होती. तेलकट टाळूवर, 50 हर्ट्झच्या गुरगुराटात घेतलेल्या आलेखावर कोणतेही सॉफ्टवेअर भरवशाचे नाही.

भुलीच्या खोलीचे मॉनिटर. बीआयएसला अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. 0 ते 100 मधला आकडा, संपूर्ण भुलीत 40 ते 60 दरम्यान ठेवायचा. 2004 च्या एका मोठ्या चाचणीत भुलीत जाग येण्याचे प्रमाण त्याने बरेच घटले. पण 2011 च्या चाचणीत, श्वासातून बाहेर पडणाऱ्या भुलीच्या वायूचे प्रमाण मोजून अलार्म लावणाऱ्या साध्या पद्धतीपेक्षा तो सरस ठरला नाही. 2019 मध्ये वृद्ध रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ईईजी पाहून भूल दिल्याने शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम कमी झाला नाही. म्हणून विक्रेता ‘वृद्धांमधला भ्रम टळतो’ म्हणाला तर त्यावर खरेदी करू नका. तुमच्याकडे वायू मोजणारा मॉनिटर असेल आणि बहुतेक भूल वायूचीच असेल, तर याची घाई नाही. शिरेतून प्रोपोफॉलवर संपूर्ण भूल आणि सोबत स्नायू शिथिल करणारे औषध, अशा केस वाढल्या की मात्र घ्या. तिथे जाग ओळखायला दुसरा चांगला मार्ग नाही. भूलतज्ज्ञांना माहीत असते, तरी लिहून ठेवतो: केटामिन दिले की आकडा वर जातो आणि रुग्ण जागा नसतो, कपाळाचे स्नायू ताणले की आकडा फसवा वाढतो.

मेंदूतील ऑक्सिजन मोजणारे, कपाळाला चिकटवायचे सेन्सर हृदयशस्त्रक्रिया आणि मानेच्या धमनीच्या शस्त्रक्रियेत कामाचे. एरवीचे प्रमाण साधारण 60 ते 80 टक्के. रुग्णाच्या स्वतःच्या सुरुवातीच्या आकड्यापेक्षा 20 टक्के घसरण झाली की हालचाल करायची. तुमच्याकडे या शस्त्रक्रिया होत नाहीत, तेव्हा सोडून द्या.

कवटीतील दाब मोजण्याचे प्रोब न्यूरोसर्जन चोवीस तास हाताशी असेल तरच. प्रौढांत 22 मिलिमीटर पाऱ्याच्या वर दाब गेला की उपचार करायचा, हा 2016 चा मार्गदर्शक आकडा आहे. 2012 मध्ये बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधील, डोक्याला मार लागलेल्या 324 जखमींवर झालेल्या चाचणीत, प्रोब लावून केलेले उपचार आणि वारंवार तपासणी व सीटीवरून केलेले उपचार, यांत रुग्णांच्या अवस्थेत फरक पडला नाही. प्रोब नसलेल्या रुग्णालयांसाठी हे फार उपयोगाचे निष्कर्ष आहेत: दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्धीची नोंद, वेळेवर पुन्हा सीटी, डोके 30 अंश वर. रस्ते अपघातांच्या पट्ट्यात असाल तर पैसा आधी इथे, नर्सच्या प्रशिक्षणात घाला.

नवजात अतिदक्षता विभागासाठी दोन चॅनेलचे एईईजी यंत्र (ईईजीचे तासन्‌तासांचे आकुंचित रूप एका पट्टीत दाखवणारे) विकताना त्याच्यासोबत बाळाला थंड ठेवण्याचे यंत्रही सुचवले जाते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला 72 तास 33 ते 34 अंशांवर ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रुळला आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात 408 बाळांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स चाचणीत त्याने फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले. त्या जोडणीतले थंडाव्याचे यंत्र तुमच्या पातळीवर घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. एईईजी एकट्याचा उपयोग आहे, बाळांच्या फिट ओळखायला. पण 32 चॅनेलचे बहुतेक सॉफ्टवेअर तीच पट्टी दाखवते, आधी ते विचारा.

यंत्र न घेताही जिथे सेवा देता येते असे एक क्षेत्र वाढते आहे: मणक्याच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूचे निरीक्षण. मोठ्या शहरांत तंत्रज्ञ स्वतःचे यंत्र घेऊन केसप्रमाणे येतात. संवेदी (हातापायांतून मेंदूकडे जाणाऱ्या) सिग्नलची उंची निम्म्याने घटली किंवा वेळ 10 टक्क्यांनी लांबली की सर्जनला सांगायचे, हा ठरलेला इशारा. वायूची भूल हे सिग्नल दाबते, म्हणून भूलतज्ज्ञाशी आदल्या दिवशीच बोलणे व्हावे. महिन्याला दोन केस असतील तर माणूस बोलवा, यंत्र विकत घेऊ नका.

मेंदूमृत्यूच्या निदानासाठी ईईजी ‘कायद्याने लागते’ असे कुणी सांगितले तर ते खरे नाही. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार निदान ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) वैद्यकीय तपासण्यांवर, सहा तासांच्या अंतराने दोनदा, होते. तसेच पोलिस तपासासाठी मेंदूच्या लहरी नोंदवून देण्याची विनंती आली तर नकार द्या: 2010 च्या सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशा चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या आहेत, आणि साध्या ईईजीवरून कुणी खरे बोलतो की खोटे, हे कळत नाही.

खरेदीच्या कागदांत तीन गोष्टी पाहा. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालचा परवाना: आयात असेल तर एमडी-15, भारतात बनलेले ए किंवा बी (कमी धोक्याच्या) वर्गाचे असेल तर एमडी-5, सी किंवा डी (जास्त धोक्याच्या) वर्गाचे असेल तर एमडी-9. परवान्यावरचे मॉडेल आणि कोटेशनमधले मॉडेल एकच आहे का ते अक्षरशः जुळवा. देखभाल करारात हेडबॉक्स धरला आहे का ते पाहा. बहुतेक करार लीड आणि केबल वगळतात, ते ठीक, पण हेडबॉक्स वगळला असेल तर करार निरर्थक. बिघाड झाल्यास किती तासांत इंजिनीअर येईल आणि तोवर बदली यंत्र मिळेल का, हे लिहून घ्या.

आणि आगाऊ रक्कम देण्याआधी यंत्र तुमच्याच खोलीत, तुमच्याच विजेवर लावून पाहा. लांब केसांच्या एका माणसावर विक्रेत्याच्या माणसाने 20 मिनिटांचे पूर्ण रेकॉर्डिंग करावे, खोल श्वास आणि दिव्यासह, नॉच फिल्टर बंद ठेवून. ते ईडीएफमध्ये पेनड्राइव्हवर घ्या, वाचणाऱ्या डॉक्टरांना पाठवा आणि त्यांच्या संगणकावर ते उघडून त्यांनी ‘वाचता येते’ असे लेखी कळवले, की मगच धनादेश द्या.